फावल्या वेळीं : उच्छुल्क

परदेशगमनाचें नावीन्य आमच्या समाजांत आतां उरलेलें नाहीं. ज्या घरांतून एकेकाळीं काशीयात्रेची तयारी सहा महिने चाले, त्याच घरांतून आतां आजीआजोबा नातवंडांना भेटावयास दुबई, लंडन किंवा न्यू जर्सी येथें सहज जाऊन येतात. जातांना लोणचें, मेतकूट व गोडा मसाला यांची चिंता. येतांनाची चिंता मात्र निराळी. परतीच्या वाटेवर विमानतळावर झगझगीत दिव्यांचीं दुकानें लागतात, त्यांवर ‘ड्यूटी फ्री’ अशी पाटी असते, आणि आंत अत्तरें व चॉकलेटें यांच्या बरोबरीनें मद्याच्या बाटल्या भिंतीभर मांडलेल्या असतात. ‘येथील माल जकातीवांचून घरीं न्यावा’ असा या पाटीचा अर्थ बहुतेक सुशिक्षित माणसेंहि करितात. तो बरोबर नाहीं. आणि त्यांतून होणारे घोटाळे हल्लीं इतके कानांवर येतात कीं, या महिन्यांत त्याच विषयावर चार शब्द लिहावे असें ठरविलें. ज्या वाचकांस मद्याच्या नांवाचाच विटाळ वाटत असेल त्यांनीं क्षमा करावी. मीहि त्यांच्यांतलाच, परंतु येथें प्रश्न पिण्याचा नसून कायद्याचा व सचोटीचा आहे.

प्रथम ती पाटी काय म्हणते तें पाहूं. कोणताहि देश आपल्या सीमेच्या आंत खपणाऱ्या मालावर कर बसवितो. जो माल तेथें खपावयाचाच नाहीं, प्रवाशाबरोबर बाहेर जावयाचा, त्यावर त्या देशानें कर घेऊं नये, हा न्याय जहाजांच्या काळापासून चालत आला आहे. विमानतळावर प्रवासी निर्गमनाची तपासणी आटोपून आंत गेला कीं करापुरता तो देशाबाहेर गेला असें धरितात, आणि म्हणून तेथील दुकानाला कर माफ असतो. विमानतळावरील असें पहिलें दुकान आयर्लंडमधील शॅनन येथें ब्रेंडन ओ’रीगन या गृहस्थांनीं १९४७ सालीं काढिलें. त्या काळीं अटलांटिक महासागर ओलांडणारीं विमानें एका दमांत तो पल्ला गाठूं शकत नसत. इंधन घेण्यासाठीं तीं शॅननला उतरत, आणि खिशांत पैसे असलेले प्रवासी तेवढा वेळ रिकामे बसून राहत. रिकामा वेळ आणि भरलेला खिसा यांचा संयोग व्यापाऱ्याच्या दृष्टीस पडल्यावाचून कसा राहील?

सारांश, दुकानावरची माफी ही निघण्याच्या देशानें दिलेली माफी होय. पोहोंचण्याच्या देशानें अजून कांहींच दिलेलें नाहीं. त्याच्या दारांत ती बाटली म्हणजे परदेशचा आयात माल, आणि त्याच्या नियमांत जेवढी सूट असेल तेवढीच सूट. दारें दोन, द्वारपालहि दोन. पहिल्यानें सोडिलें म्हणून दुसऱ्यानें सोडावें असा नियम नाहीं.

आपल्या देशापुरतें पाहतां, प्रवाशाच्या सामानाविषयीं सरकारनें २०१६ सालीं जी नियमावली केली तींत मद्याची मर्यादा माणशीं दोन लिटर अशी ठेविली होती. त्यांत वारुणी, द्राक्षासव, बीअर सर्व आलें. प्रत्येकाचे दोन दोन लिटर नव्हेत. येथें उतरल्यावर आपल्याच विमानतळावर जें दुकान लागतें, तेथें घेतलेली बाटलीहि याच हिशेबांत धरावयाची. त्याच नियमावलींत आणखी एक वाक्य आहे, आणि सर्व घोटाळ्यांचें मूळ तें न वाचण्यांत आहे. एका प्रवाशाची सूट दुसऱ्याच्या सुटींत मिळवितां येणार नाहीं, असें तें वाक्य. पति-पत्नी दोघें असलीं तरी सूट ज्याची त्याची. नवरा पिशवींत तीन लिटर घेऊन निघाला आणि बायको रिकाम्या हातानें चालली, तर ‘दोघांचे मिळून चार होतात, आम्ही तीनच आणिले’ हा युक्तिवाद गणिताच्या तासाला चालेल, जकातघरांत चालणार नाहीं. नियम वरचेवर बदलतात. तेव्हां निघण्यापूर्वीं त्या वर्षीं काय चालू आहे तें प्रत्येकानें जरूर पाहून घ्यावें.

हें सारें पाश्चात्त्यांचें खूळ आहे असें कोणास वाटत असेल तर त्यानें कौटिलीय अर्थशास्त्र उघडावें. म्हैसूरचे पंडित शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं तो ग्रंथ छापून काढिला, तोंपर्यंत त्याचें नांवच काय तें आपणांस ठाऊक होतें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत शुल्काध्यक्षाचें प्रकरण आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा बांधावी, तिच्यावर ध्वज उभारावा, आणि चार पांच कारकुनांनीं प्रत्येक सार्थाची नोंद करावी : कोण आले, कोठून आले, माल किती, मुद्रा कोठें उमटविली. आज आपण विमानांतून उतरतों तेव्हां जीं माणसें समोर उभीं असतात तीं याहून निराळें काय विचारतात? मुद्रा नसलेल्या मालाला दुप्पट शुल्क. मुद्रा खोटी असेल तर आठपट. शुल्क भरलेल्या मालांत न भरलेला माल दडवून एकाच मुद्रेवर बाहेर काढिला, तर तो माल जप्त आणि शिवाय तेवढाच दंड. तिसरी बाटली साडीच्या घडींत गुंडाळून नेणारीं माणसें त्या काळींहि होतीं, एवढाच याचा अर्थ.

आणि आमचा मूळ शब्दहि तेथेंच आहे. ‘ड्यूटी फ्री’ याला मराठींत शब्द नाहीं अशी तक्रार करणाऱ्यांस सांगावेंसें वाटतें कीं, कौटिल्यानें त्याला ‘उच्छुल्क’ म्हटलें आहे. विवाहाचें सामान, सासरीं निघालेल्या मुलीबरोबरचें सामान, भेटीदाखल पाठविलेल्या वस्तु, तसेंच यज्ञ, बाळंतपण, देवपूजा, चौल, उपनयन, व्रत इत्यादि कार्यांसाठीं नेलेल्या वस्तु उच्छुल्क जाव्या, असा त्याचा नियम. यादी वाचतांना एखाद्या कोंकणी घराच्या माजघरांत उभे असल्यासारखें वाटतें. परंतु याच्या पुढेंच तो बजावतो कीं, या निमित्तांचें खोटें नांव सांगणारास चोराचा दंड करावा. जकात चुकविणाराचा नव्हे, चोराचा. हा भेद लक्षांत घेण्यासारखा आहे : सूट ही विश्वासावर दिलेली असते, म्हणून तिचा गैरवापर अधिक मोठा गुन्हा.

मद्याविषयीं तर त्याचें निराळें प्रकरणच आहे. सामान्यतः सुरा गांवाबाहेर नेऊं देऊं नये. कारणें तो तीन सांगतो : कामावर नेमिलेल्यांच्या हातून प्रमाद घडेल, आर्य मर्यादा ओलांडतील, आणि तापट माणसांना चेव येईल. तरीहि ज्यांची सचोटी माहितीची आहे अशा लोकांना पाव कुडुबापासून एक प्रस्थापर्यंत, म्हणजे फार तर चार कुडुब, बाहेर नेण्याची मुभा आहे. माप ठरवून दिलेली, ओळखीच्या व सचोटीच्या माणसापुरती मुभा! दोन लिटरांचा नियम करणाऱ्या अधिकाऱ्यांनीं हें प्रकरण वाचिलें असेल असें मी म्हणत नाहीं. पण वाचिलें असतें तर त्यांना फारसें कांहीं बदलावें लागलें नसतें.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत जकातनाका चुकवून आडवाटेनें जाणारास व मालाची मोजणी खोटी सांगणारास शुल्काच्या आठपट दंड सांगितला आहे. त्याच अध्यायांत नावेच्या उताराबाबत गर्भिणी, संन्यासी व ब्राह्मण यांना माफी आहे. आमच्या वाचकांपैकीं कोणीं ही माफी विमानतळावर मागूं नये. तेथील अधिकाऱ्यानें मनुस्मृति वाचिली असली, तर सुरापानाची गणना कोणत्या पातकांत केली आहे हेंहि त्यानें वाचिलें असेल.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. परदेशांत असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र नुकतेंच आलें. त्याचे आईवडील चार महिने त्याच्याकडे राहून परत येणार आहेत. तो लिहितो : “गुरुजी, आईबाबा घेत नाहींत, त्यामुळें त्यांची सूट फुकट जाते. त्यांच्या हातीं चार बाटल्या माझ्या पुण्याच्या मित्रांसाठीं पाठविल्या तर गैर काय? मित्र पैसे देणारच आहेत.”

पत्र सरळ मनानें लिहिलेलें आहे, म्हणूनच त्याचें उत्तर सविस्तर दिलें पाहिजे. आपल्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यांत प्रवाशाच्या सामानाला जी माफी आहे, ती त्याच्या स्वतःच्या वा कुटुंबाच्या उपयोगाच्या वस्तूंना, किंवा खरोखरीच्या भेटीला व आठवणीदाखल आणलेल्या वस्तूंना आहे. तेव्हां जो स्वतः पीत नाहीं त्यानें बाटली आणूंच नये असें कायदा म्हणत नाहीं. व्याह्यांना किंवा मित्राला भेट म्हणून मर्यादेंतली बाटली नेतां येईल. परंतु ‘मित्र पैसे देणारच आहेत’ या चार शब्दांनीं भेटीची विक्री झाली. पैसे आले कीं भेट संपली. मग तो माल झाला, आणि आईबाबा मालाचे वाहक झाले. ब्रिटनच्या जकात खात्याचा नियम याबाबतींत फार स्पष्ट आहे : आणलेल्या मद्याबद्दल कोणीं पैसे दिले, किंवा पैशांऐवजीं दुसरें कांहीं दिलें, तरी तें ‘स्वतःच्या उपयोगासाठीं’ राहत नाहीं. आपणहि आपल्या मनाशीं हीच कसोटी ठेवावी.

दुसरी गोष्ट अशी कीं, सूट म्हणजे वांटणींत आलेला हिस्सा नव्हे. ती न वापरली तर फुकट जात नाहीं. रेशनची साखर उचलली नाहीं तर ती कोणी तरी दुसराच खाईल, ही जी एक वृत्ति आपल्यांत मुरली आहे, तीच येथें बोलते आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती कायद्यांत लिहिलेली नाहीं. आमच्या ओळखीचे एक वृद्ध दांपत्य दोन वर्षांपूर्वीं मुलीकडून परत आलें. जांवयानें हौसेनें सामान बांधून दिलें होतें. विमानतळावर दोन वाटा असतात : जाहीर करण्याजोगें कांहीं असेल त्यानें तांबड्या वाटेनें जावें, कांहीं नसेल त्यानें हिरव्या. हिरव्या वाटेनें पाऊल टाकणें म्हणजेच ‘माझ्याजवळ जकातीचें कांहीं नाहीं’ असें न बोलतां सांगणें, हें पुष्कळांना ठाऊकच नसतें. हीं दोघें सर्वांच्या मागोमाग हिरव्या वाटेनें निघालीं. यंत्रांत पेटी गेली. आंत तीन बाटल्या दिसल्या, दुसरींत आणखी तीन. “कोणाच्या?” असें अधिकाऱ्यानें विचारिलें. बाईंनीं नवऱ्याकडे पाहिलें. नवऱ्यानें उभी हयात कोषागारांत हिशेब लिहिण्यांत घालविलेली; एका पैचा फरक निघाला तरी रात्रीं झोंप न येणारा माणूस. त्यांच्या तोंडून शब्द उमटेना. अधिकारी सभ्य होता. वाढीव बाटल्यांचें प्रकरण कागदावर झालें आणि दोघांना जाऊं दिलें. पैशांचें त्यांना फारसें वाटलें नाहीं. परंतु रांगेंतले लोक पाहत होते, आणि त्यांत शेजारच्या इमारतींतलें एक कुटुंब होतें. हें जांवयाला त्यांनीं अद्याप सांगितलेलें नाहीं, मुलीलाहि नाहीं. मला सांगितलें तें, मीं हा विषय लिहावयास घेतला आहे असें कळल्यावर, नांव न घालण्याच्या अटीवर.

मुलांनीं आणि जांवयांनीं हें ध्यानांत ठेवावें. म्हाताऱ्या माणसाच्या पेटींत त्याला न विचारतां कांहीं घालूं नये, आणि विचारून घातलें तर त्याचें माप त्याला ठाऊक असावें. चुकून अधिक आलेंच, तर तांबड्या वाटेनें जाऊन सांगून टाकावें. त्यांत कसलीहि अप्रतिष्ठा नाहीं. जादा मालावर जकात घेतात. आणि खरें सांगितलेलें असेल तर वस्तु ठेवून घेऊन देशाबाहेर परत जातांना ती परत देण्याची तरतूदहि कायद्यांत आहे.

ब्रिटनचा उल्लेख आलाच आहे, तर तेथील आपल्या मंडळींसाठीं एक सूचना. युरोपीय संघाच्या देशांदेशांत प्रवास करणारांसाठीं असलेलीं उच्छुल्क दुकानें १९९९ च्या जून अखेरीस बंद झालीं, आणि ब्रिटन संघांतून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून पुन्हां सूट व मर्यादा दोन्ही आलीं. ग्रेट ब्रिटनमध्यें उतरणारास बीअर ४२ लिटर, साधें द्राक्षासव १८ लिटर, आणि कडक मद्य ४ लिटर किंवा त्याऐवजीं फेसाळ वा पुष्ट केलेलें द्राक्षासव ९ लिटर असें ठरलें. आंकडे ऐकून आपल्याकडील माणसाचे डोळे विस्फारतील. पण तेथें एक मेख आहे : एखाद्या प्रकारांत मर्यादेच्या बाहेर गेलें कीं केवळ वाढाव्यावर नव्हे, त्या प्रकारांतील सगळ्याच मालावर कर द्यावा लागतो. चारांऐवजीं पांच लिटर नेले तर पांचांवर कर. कॅलेहून मोटार भरून परतणाऱ्या उत्साही मंडळींनीं हा हिशेब आधीं मांडावा.

आतां अशा एका गैरसमजाकडे वळतों, कीं जो शिकलेल्या माणसांतहि सर्रास आढळतो. ‘जकातघरानें सोडिलें, आतां कोणाची भीति?’ असें लोक म्हणतात. आमच्या राज्यघटनेप्रमाणें सीमेवरची जकात हा केंद्राचा विषय आणि मद्य हा राज्याचा. जकातघर फक्त केंद्राचा कर माफ करितें. राज्याच्या कायद्याला तें हात लावूं शकत नाहीं. हा प्रश्न आपल्या मुंबईंतच उपस्थित झाला होता. १९४९ सालीं मुंबई राज्यांत दारूबंदीचा कायदा झाला, तेव्हां एफ. एन. बालसारा या गृहस्थांनीं त्याला आव्हान दिलें. परदेशांतून माल आणूं देणें हा केंद्राचा अधिकार असतां, आणलेला माल जवळ बाळगण्यास राज्य मनाई कशी करितें, असा त्यांत एक मुद्दा होता. १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, आयात म्हणजे माल देशांत आणणें. तो नंतर बाळगणें वा विकणें हें आयातींत येत नाहीं, आणि तेथें राज्याचा अधिकार चालतो. कायद्याचा मुख्य भाग टिकला. औषधें व अंगराग यांत असलेल्या मद्यार्कापुरतीं कांहीं कलमें मात्र रद्द झालीं, तेव्हां कोलनवॉटरची बाटली वांचली.

तोच कायदा १९६० नंतर दोन्ही राज्यांच्या वांट्यास आला. महाराष्ट्रांत तो अनेक दुरुस्त्या होऊन सौम्य झाला, तरी परवान्याची अट त्यांत आहेच. गुजराथेंत दारूबंदी आहे. बडोद्यास आपलीं कितीतरी घरें आहेत. परदेशचा भाचा अहमदाबादेस उतरून, दोन लिटरांच्या आंतच आहे म्हणून निःशंकपणें बाटली घेऊन मामाच्या घरीं येतो. आणि ज्या घरांत कधीं थेंब आला नाहीं त्या घरांत परवान्यावांचून मद्य बाळगल्याचा गुन्हा घडतो. बाहेरून येणारास तात्पुरता परवाना मिळण्याची सोय त्या राज्यानें ठेविली आहे. तो घ्यावा, नाहीं तर बाटली आणूंच नये. मामाला तर पेटींत काय आहे याचा पत्ताहि नसतो.

गोव्याची गोष्ट याच्या उलट बाजूची. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ती खरीखुरी परदेशाची सीमा होती. १८७८ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांच्यांत तह होऊन १८८० पासून १८९२ पर्यंत ही जकातीची रेषा पुसली गेली होती. मोबदल्यांत पोर्तुगिजांना वर्षाला चार लाख रुपये. परंतु गोव्याचें मीठ इंग्रजांच्या ताब्यांत गेलें आणि माडीवर इंग्रजी धर्तीची अबकारी आली. मिठागरवाले व माडी काढणारे यांचे त्यांत हाल झाले. आज तेथें जकातनाका नाहीं, म्हणून बांद्याकडून परतणारे प्रवासी समजतात कीं स्वस्त बाटली हवी तशी आणावी. गोव्यांत कर भरलेला माल म्हणजे महाराष्ट्रांत कर भरलेला माल नव्हे, आणि राज्याचे अबकारी अधिकारी त्याच वाटेवर उभे असतात.

प्रवासाच्या धांदलींत उपयोगी पडेल असें थोडें. लंडनमध्यें विमानें उडविण्याचा कट २००६ च्या ऑगस्टमध्यें उघडकीस आल्यापासून पुष्कळ विमानतळांवर हातांतल्या पिशवींत १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली नेऊं देत नाहींत. दुकानांतून घेतलेल्या बाटलीला अपवाद आहे, तो ती पारदर्शक मोहोरबंद पिशवींत पावतीसकट असेल तरच. वाटेंत विमान बदलावयाचें असेल तर ती पिशवी फोडूं नये. आणि न फोडतांहि पुढच्या विमानतळावरील पहारेकरी ती मान्य करितीलच असें नाहीं. दोन विमानें असतील तेथें खरेदी शेवटच्या ठिकाणीं करावी. शेंकडा ७० हून अधिक मद्यार्काचें पेय विमानांत कोठेंच चालत नाहीं.

आणि मुक्तिनाथ व पशुपतिनाथ यांच्या यात्रेस मोटारीनें जाणाऱ्या वाचकांसाठीं : वर सांगितलेल्या २०१६ च्या नियमावलींत नेपाळ, भूतान व म्यानमार येथून खुष्कीच्या मार्गानें येणारास केवळ स्वतःच्या वापरांतल्या वस्तूंचीच माफी होती. यात्रेकरूंच्या गाडींत बाटली कशाला असेल, असें तुम्हीं म्हणाल. गाडी हांकणारा यात्रेकरू असतोच असें नाहीं, आणि सीमेवर डिकी उघडतांना आंतील सामान कोणाचें हें प्रथम गाडींत बसलेल्यांनाच विचारतात. निघतांना त्याच्याशीं एकदां बोलून घ्यावें.